झाकली मूठ किती वेळ झाकायची? आक्रमक खेळाडूसमोरचा स्लो-प्ले

(हे ऑडिओ भागाचं लेखी रूप आहे. बोलताना आलेले दहा-बारा 'म्हणजे' गाळलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आज पोकर. हातात जबरदस्त पानं आहेत, समोरचा सारखा बेट मारणारा आहे, आणि डोक्यात एकच किडा वळवळतोय: गप्प बसू का? चेक करतो, त्याला वाटू दे की माझ्याकडे काही नाही, शेवटी धरतो. याला स्लो-प्ले म्हणतात. आपल्याकडे म्हण आहेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोकरमध्ये मूठ खरंच भरलेली असते, आणि ती झाकल्यावर कधी सव्वा लाख मिळतात, कधी सव्वा रुपया. कुठे काय मिळतं ते आज बघू.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर मेसेज येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्यात पोकरही आलं. त्यामुळे मी जे आकडे सांगणार आहे ते सगळे चिप्सचे आहेत. घरी खेळत असाल तर चिंचोके घ्या, काही फरक पडत नाही. गणित तेच राहतं.

तर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मित्रमंडळींचा घरचा गेम, टेक्सस होल्डेम. नवीन लोकांसाठी पटकन: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी. पहिली तीन एकदम येतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. याच्या हातात अठ्ठीची जोडी. याने सुरुवातीलाच रेझ केलं. टेबलावरचा सगळ्यात आक्रमक भिडू बटणावर, म्हणजे फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी बोलणार. त्याने कॉल केलं, बाकीचे फोल्ड. फ्लॉप आला: चौकटची राणी, इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी. तीन अठ्ठ्या झाल्या, म्हणजे सेट. भाऊ खूश. त्याने विचार केला, समोरचा तर मारकुटाच आहे, मी चेक करतो, तो मारेल. चेक केलं. समोरच्यानेही चेक केलं. टर्नला इस्पिकची चौकी. आता याने बेट केली, समोरच्याने रेझ केलं, शेवटी सगळे चिप्स मध्ये गेले आणि समोरच्याने दाखवले इस्पिकचे एक्का आणि पंजी. फ्लश. याचा प्रश्न असा: "दादा, हे नशीब होतं की मी चुकीचा खेळलो?"

खरं सांगू का मित्रा, या एका डावापुरतं बोलायचं तर नशीबच. तू फ्लॉपवर बेट केली असतीस तरी एक्क्याचा फ्लश ड्रॉ घेऊन बसलेला माणूस फोल्ड करणार नव्हता. इस्पिक आलंच असतं. तुझं नुकसान या डावात दिसत नाही. ते असे पाच-सहा डाव झाल्यावर दिसतं, ज्यात इस्पिक येत नाही. कसं ते सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण होल्डेमकडे तीन पत्तीवरून आलेत. दिवाळीत गच्चीवर शिकलेला खेळ. तीन पत्तीतही स्लो-प्ले आहे: ट्रेल बघून झालीय, तरी जो थंडपणे साधी चाल देत बसतो आणि दुप्पट करत नाही, तो तेच करतोय. आणि तिथे ते बरेचदा जमतं. पण तिथे का जमतं? एक म्हणजे तीन पत्तीत एकदा वाटलेली पानं बदलत नाहीत. तुमची ट्रेल पुढच्या आलीकडे गेली तरी ट्रेलच आहे, आणि समोरच्याचा कलर दहा मिनिटांनी सीक्वेन्स होत नाही. दुसरं म्हणजे तिथे फुकट थांबता येत नाही. खेळात राहायचं तर चाल द्यावीच लागते, म्हणजे पॉट आपोआप वाढत राहतो.

होल्डेममध्ये या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. नवीन पान येत राहतं, म्हणून समोरच्याचा हात बदलू शकतो. आणि चेक फुकट आहे, म्हणून पॉट जिथल्या तिथे राहू शकतो. लोक पहिल्या गोष्टीला घाबरतात, 'अरे, फ्लश लागला तर'. माझ्या मते जास्त महाग दुसरी पडते, कारण ती दिसत नाही. फ्लश लागला की आपण महिनाभर सांगत फिरतो. पॉट छोटा राहिला की त्याबद्दल कुणी व्हॉइस नोट पाठवत नाही.

आकडे घेऊ. पॉट १००, दोघांकडे हजार-हजार चिप्स. फ्लॉपवर तुम्ही ७५ ची बेट केली, त्याने कॉल केलं. पॉट झाला २५०. टर्नला १९० मारले, कॉल. पॉट ६३०. रिव्हरला ४७०, कॉल. पॉट १,५७०. समोरच्याच्या खिशातून एकूण किती आले? ७५ अधिक १९० अधिक ४७०, म्हणजे ७३५. आता फ्लॉपवर दोघांनी चेक केलं असं धरा आणि त्याच मापाने पुढे चला. टर्नला ७५, रिव्हरला १९०. एकूण २६५. म्हणजे त्या एका चेकची किंमत ४७० चिप्स. तुम्हाला वाटलं होतं गेली ती पहिली, छोटी ७५ ची बेट. प्रत्यक्षात गेली ती शेवटची, सगळ्यात मोठी बेट. कारण पोकरमध्ये प्रत्येक बेट आधीच्या पॉटवर उभी राहते. पाया एक मजला कमी झाला की वरचा सगळ्यात उंच मजलाच जातो.

(या ठिकाणी थांबून हे गणित कागदावर करून बघा. मी वाट बघतो. नाही, खरंच करा.)

आता गंमत बघा. हे नुकसान फक्त दोघांनी चेक केलं तर होतं. तुम्ही चेक केलं आणि त्याने ७५ मारले आणि तुम्ही कॉल केलं, तर पॉट २५० च झाला. एक चिपही कमी नाही. उलट आता त्याच्या डोक्यात तुम्ही दुबळे आहात, आणि तो टर्नलाही मारायची शक्यता आहे, रद्दी पानं घेऊनसुद्धा. तुम्ही बेट केली असती तर ती रद्दी पानं त्याने फ्लॉपवरच फेकली असती.

म्हणून स्लो-प्लेचा खरा प्रश्न 'माझा हात किती मजबूत आहे' हा नाहीच. प्रश्न हा की, मी पैसे टाकले नाहीत तर ते टाकणार कोण? उत्तर 'तो टाकेल' असं खात्रीने देता येत असेल तर खुशाल झाका मूठ. 'बहुतेक टाकेल, आक्रमकच आहे ना' एवढ्यावर नको.

आणि इथेच 'आक्रमक' हा शब्द आपल्याला फसवतो. आक्रमक म्हणजे एकच जात नाही. मी तरी तीन बघितल्यात.

पहिला, मी त्याला एक-गोळीवाला म्हणतो. फ्लॉपवर काहीही असो, याची बेट येणार. सुरुवातीला रेझ केलेलं असतं, म्हणून सवयीने एकदा मारतो. तुम्ही कॉल केलं की टर्नला याचा आवाज बंद. टेबलावर हा आक्रमक दिसतो, कारण त्याच्या बेट्स मोजल्या तर भरपूर असतात. पण याच्याविरुद्ध मूठ झाकून काय मिळणार? रद्दी असेल तर तो टर्नला तसाही थांबणार आहे. चांगली पानं असतील तर तो तुमच्या रेझला कॉल करणार आहे. मग फ्लॉपवर त्याने मारल्या मारल्या चेक-रेझ करा ना. रद्दीकडून जेवढं मिळणार होतं तेवढं मिळालंच, आणि चांगल्या पानांकडून मोठा पॉट बांधला. याच्याविरुद्ध शांत बसणारे लोक मला कळतच नाहीत.

दुसरा तीन-गोळीवाला. हा खरा शिकारी. समोरचा चेक करतोय म्हणजे घाबरलाय, असा याचा पक्का समज. फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्हीवर मारतो. स्लो-प्ले हा खेळ मुळात याच्यासाठी बनलाय. याच्यासमोर चेक, कॉल, चेक, कॉल. तोंडावर माशी बसली तरी हलायचं नाही.

तिसरा पलटवारवाला. याला समोरच्याने मारलेलं सहन होत नाही. तुम्ही चेक केलं तर कदाचित हाही चेक करेल, पण तुम्ही बेट केली की याचा अहंकार दुखावतो आणि हा रेझ करतो. याच्यासमोर चेक म्हणजे त्याच्या हातातली काठी काढून घेण्यासारखं. बेट करा, अगदी थोडी छोटीशीच. रेझ तो स्वतःच करेल.

हे तिघे ओळखायचे कसे? तुम्ही डावात नसता तेव्हा. आपण फोल्ड केलं की लगेच मोबाइल काढतो, रील्स. तीच वेळ असते. दुसऱ्या कुणी फ्लॉपवर कॉल केल्यानंतर टर्नला हा माणूस काय करतो, फक्त एवढंच बघा. आणि पानं उघडी पडली की मागे जाऊन आठवा: या पानांवर त्याने कुठे-कुठे मारलं होतं? संध्याकाळभरात तीन-चार वेळा पानं उघडी पडली तरी माणूस बऱ्यापैकी कळतो.

आता व्हॉइस नोटवाल्या मित्राकडे परत. समजा समोरचा खरंच तीन-गोळीवाला होता. तरी त्याने चेक का केलं? कारण सुरुवातीचा रेझ आपल्या मित्राने केला होता. टेबलाच्या नजरेत डावाची सूत्रं त्याच्याकडे होती. रेझ करणारा माणूस फ्लॉपवर बेट करतो, हे सगळ्यांना अपेक्षित असतं. तो अचानक गप्प झाला तर आक्रमक पण हुशार माणसाला दोनच गोष्टी वाटतात: एक तर हा खरंच अडकलाय, किंवा हा सापळा आहे. आणि हातात फ्लश ड्रॉ असताना फुकट पान मिळतंय तर कोण नाही म्हणेल?

म्हणजे बघा, मित्राने ताकद लपवायला चेक केलं, पण त्या जागी चेक हीच जास्त डोळ्यांत भरणारी गोष्ट होती. नेहमीची साधी बेट केली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. 'हा तर एक्का-राजा घेऊनही इथे मारतो' असंच समोरच्याने धरलं असतं. पुष्कळदा सगळ्यात चांगलं सोंग म्हणजे आपण रोज जे करतो ते. तुम्ही स्वतः फ्लॉपवर नेहमी मारणारे असाल तर सेट असतानाही मारा.

उलट जागा बदला. रेझ त्याने केलंय, तुम्ही बिग ब्लाइंडमधून नुसतं कॉल केलंय. आता फ्लॉपवर तुम्ही चेक करणं यात संशयास्पद काही नाही, सगळेच करतात. आणि मारायची जबाबदारी त्याच्यावर आहे. या जागेवर तुमचा स्लो-प्ले फुकट चालतो. त्यामुळे कोण आक्रमक आहे हे बघायच्या आधी या डावात सूत्रं कुणाकडे आहेत ते बघा.

दुसरी मोठी गोष्ट, मधली पानं. हे मी जरा सावकाश सांगतो, कारण इथे खरे पैसे आहेत.

हातात सत्तीची जोडी. फ्लॉप: किलवरचा राजा, चौकटची सत्ती, बदामची दुर्री. तीन वेगळे रंग, पानं एकमेकांपासून लांब. असा फ्लॉप कोरडा म्हणतात. आता विचार करा, पुढच्या पानाने तुमचं काय बिघडणार? फ्लश ड्रॉ नाही, स्ट्रेटचा पत्ता नाही. समोरच्याकडे एक्का-राणी असेल तर टर्नला एक्का यावा अशी तुमचीच इच्छा आहे, कारण मग त्याला जोडी लागेल आणि तो मनापासून पैसे टाकेल. स्लो-प्लेला हेच हवं असतं: फुकट पानाने त्याचा हात सुधारावा, पण आपल्या खालीच राहावा. अमेरिकन लेखक डेव्हिड स्क्लान्स्कीने 'द थिअरी ऑफ पोकर' या पुस्तकात स्लो-प्लेच्या अटी मांडताना हा मुद्दा घेतलाय आणि इतक्या वर्षांनंतरही तो हललेला नाही.

आता दुसरा फ्लॉप. तुमच्याकडे दश्शीची जोडी, एक किलवर, एक चौकट. मध्ये बदामचा गुलाम, बदामची दश्शी, इस्पिकची सत्ती. पुन्हा सेट. कागदावर दोन्ही हात सारखेच, 'तीन एकसारखी'. पण हा फ्लॉप ओला आहे, पाणी टपकतंय. न दिसलेली ४७ पानं आहेत. त्यात भीतीदायक किती, मोजूया. बदामची ११ उरलीत, त्यातल्या सत्तीने आपलं फुल हाउस होतं, ती सोडा, राहिली १०. बदाम नसलेल्या अठ्ठ्या ३, नव्व्या ३, राण्या ३. एकूण १९. म्हणजे दर पाच पानांतल्या दोन पानांनी टेबलाचं चित्र बदलणार.

आणि बदललं की दोन्हीकडून मार. त्याला लागलं असेल तर तुम्ही हरताय. त्याला लागलं नसेल, समजा त्याच्याकडे गुलामाची जोडी आहे, तर तिसरं बदाम बघून तोही घाबरणार आणि मारायचा थांबणार. जो आता फ्लॉपवर आनंदाने मोठा रेझ कॉल करायला तयार होता, तो टर्नला चेक करून चहा प्यायला जाईल. अशा फ्लॉपवर समोरचा आक्रमक आहे म्हणजे तर अजूनच लगेच रेझ करा. त्याच्याकडे फ्लश ड्रॉ असेल, स्ट्रेट ड्रॉ असेल, जोडी आणि ड्रॉ दोन्ही असतील. असे लोक ड्रॉ घेऊनही उलट रेझ मारतात. पैसे आत्ता आत यायला तयार आहेत आणि तुम्ही दार बंद करून बसलाय.

आता मित्राच्या डावाचं राहिलेलं गणित. दोघांची पानं आणि फ्लॉप सोडून ४५ पानं. त्यात इस्पिकची ९. इस्पिकची राणी आली तर आपल्या मित्राचं फुल हाउस, म्हणून समोरच्याच्या कामाची ८. म्हणजे साडेपाच वेळात साधारण एकदा. फ्लॉपवर १०० च्या पॉटमध्ये ७५ मारले असते तर समोरच्याला ७५ घालून एकूण २५० च्या पॉटसाठी खेळावं लागलं असतं, म्हणजे १०० पैकी ३० वेळा जिंकायला हवं. टर्नच्या पानावर त्याला मिळतात १०० पैकी १८. फ्लश लागल्यावर तो पुढे आणखी काही काढेल, ते धरूनही बाकीच्या ८२ वेळा त्याने ७५ चिप्स टाकलेले असतात आणि हाती काही नसतं. मित्राने त्याला तेच तिकीट फुकट दिलं. नुकसान म्हणतो ते हे.

आता तुम्ही म्हणाल, मग मोठमोठे खेळाडू सापळे लावतात ते काय? तर चला १९८८ मध्ये. लास वेगास, बिनियन्स हॉर्सशू, वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरचा मुख्य इव्हेंट. शेवटचे दोघे उरलेत. एकीकडे जॉनी चॅन, आदल्या वर्षीचा, १९८७ चा विजेता. दुसरीकडे न्यूयॉर्कचा एरिक सायडेल, बॅकगॅमनमधून पोकरकडे आलेला, या व्यासपीठावर तेव्हा नवखा. पहिलं बक्षीस ७ लाख डॉलर. चॅनकडे किलवरचे गुलाम आणि नव्वी. सायडेलकडे राणी आणि सत्ती. फ्लॉप: राणी, दश्शी, अठ्ठी, तिन्ही वेगळ्या रंगांची. चॅनला तिथेच स्ट्रेट लागली, त्या फ्लॉपवरचा सगळ्यात मोठा हात. सायडेलला लागली राणीची जोडी. फ्लॉपवर थोडे चिप्स मध्ये गेले, पण चॅनने आपली ताकद दाखवली नाही. टर्नला दुर्री, शांतता. रिव्हरला छक्की. चॅनने पुन्हा चेक केलं. सायडेलने सगळे चिप्स पुढे सरकवले. चॅनने कॉल केलं आणि सलग दुसऱ्यांदा विजेता झाला.

हा डाव नंतर १९९८ च्या 'राउंडर्स' सिनेमात आला. मॅट डेमनचं पात्र तो टीव्हीवर बघत बसतं. सिनेमाच्या शेवटी तोही असाच लागलेली स्ट्रेट लपवून खेळतो. त्यामुळे जगभर एक पिढी स्लो-प्लेच्या प्रेमात पडली. माझी तक्रार अशी की लोकांनी चेक बघितलं, परिस्थिती नाही बघितली. समोर एकच माणूस. त्याच्याकडे वरची जोडी, आणि दोघांतच खेळ असताना वरची जोडी म्हणजे सोनं वाटतं, म्हणजे पैसे टाकायला दुसरा माणूस तयार. तीन रंगांचा फ्लॉप, फ्लशची भीती जवळपास नाही. आणि राणीची जोडी सुधारून स्ट्रेटच्या वर जायला लागोपाठ दोन नेमकी पानं हवीत. आपण बोललो त्या सगळ्या अटी पूर्ण होत्या. हाच डाव सहा जणांत, दोन बदामं पडलेली असताना चॅन असाच खेळला असता? मला नाही वाटत.

सायडेलचं वाईट वाटून घेऊ नका, त्याने पुढे वर्ल्ड सीरीजची दहा ब्रेसलेट्स जिंकली.

आता काही गोष्टी पटपट. समोर दोनपेक्षा जास्त लोक असतील तर स्लो-प्ले विसरा. प्रत्येक जादा माणूस म्हणजे एक जादा ड्रॉ. एक्क्यांची जोडी घ्या, पोकरमधली सर्वोत्तम सुरुवात. एका अनोळखी हातासमोर ती १०० पैकी ८५ वेळा जिंकते. चार हातांसमोर तीच ५६ वर येते. म्हणून सुरुवातीला एक्के लपवून सगळ्यांना स्वस्तात आत घेणारा माणूस स्वतःच स्वतःचे एक्के स्वस्त करतो. आणि फ्लॉपनंतरसुद्धा नुसती एक जोडी, भले एक्क्यांची असो, हा झाकून ठेवायचा हात नव्हे.

चिप्स किती उरलेत तेही बघा. पॉट १०० आणि तुमच्याकडे फक्त ३०० असतील, तर ७५ आणि मग उरलेले २२५, दोन बेट्समध्ये सगळं आत जातं. तीन फेऱ्यांपैकी एक सोडली तरी चालते. हजार चिप्स मागे असतील तर तीनही लागतात, ते आपण बघितलंच. गंमत म्हणजे बरेच जण उलट करतात, चिप्स खूप असले की 'आता मोठा सापळा लावतो' म्हणतात.

आणि एक सोपी जागा, जिथे जवळजवळ नेहमी थांबावं: पानं तुम्हीच संपवलेली असतात तेव्हा. तुमच्याकडे राजा-राणी, फ्लॉप राजा, राजा, राणी. फुल हाउस. आता पत्त्यांत उरलाय एक राजा आणि दोन राण्या. समोरच्याला लागणार काय, कपाळ? त्याला टर्न बघू द्या, रिव्हर बघू द्या, कुठलीतरी जोडी लागू द्या, नाहीतर ब्लफ मारायची हिंमत येऊ द्या.

शेवटचं, थांबायचं ठरवलंत तर मग कुठे उठायचं? तीन-गोळीवाला फ्लॉपला मारतो, तुम्ही कॉल. टर्नला मारतो. इथे हात शिवशिवतात, वाटतं आता रेझ करून टाकू. कोरड्या फ्लॉपवर आणि साध्या टर्नवर मी म्हणेन, अजून एकदा कॉल. त्याच्याकडे रद्दी असेल तर तिसरी गोळी तुमच्या रेझने उडून जाईल. टर्नला एकाच रंगाचं दुसरं पान पडलं, पानं जुळायला लागली, तर मात्र लगेच रेझ. रिव्हरला त्याने मारलं की मोठा रेझ, लाजायचं नाही, इथून पुढे लपवायला काही उरलेलं नाही. आणि टर्नला तो अचानक थांबलाच तर रिव्हरला पुन्हा चेक करू नका. आपणहून मारा. एक फेरी गेली ती गेली, दुसरी पण सोडायची म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

हो, आणि नाटक नको. सुस्कारे टाकणं, पानं परत-परत बघणं, 'जाऊ दे, कॉल' असं रडक्या आवाजात म्हणणं. तुमचे मित्र तुम्हाला दहावीपासून ओळखतात. जेवढा वेळ रद्दी पानांवर घेता तेवढाच घ्या.

या आठवड्याचा अभ्यास. पत्त्यांचा कॅट घ्या. दोन सत्त्या काढून हातात ठेवा, तिसरी मध्ये उघडी टाका, बाकी पत्ते पिसून त्यातली दोन पानं तिच्या शेजारी मांडा. झाला फ्लॉप. आता मोजा: उरलेल्या ४७ पानांत तुम्हाला नको असलेली किती? दहाच्या आत आली तर एका बाजूला लिहा, पंधराच्या वर गेली तर दुसऱ्या बाजूला, मधली राहिली तर प्रश्नचिन्ह. असे वीस फ्लॉप करा. प्रत्यक्ष खेळात हाताला जोडी असताना सेट साधारण साडेआठ वेळांतून एकदाच लागतो, म्हणून हा सराव घरीच करावा लागतो, टेबलावर तेवढी संधी मिळत नाही.

प्रश्नचिन्हवाल्या फ्लॉप्सचे फोटो मला पाठवा. त्यातले दोन-तीन घेऊन पुढच्या भागात भांडू. चला, भेटू.